वाऱ्याबरोबर फिरणारी दोरी

सोमवार, १४ ऑक्टोबर १९१२

प्रिय प्लोना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र चुलीत टाकायला निघाली असशील, तर जरा थांब. आधी वाच, मग खुशाल जाळ. जाळायचंच आहे ते. उद्या सकाळी हे गिलिस पोस्टमनच्या हातात देईन, तेव्हा तो काय म्हणणार हेही मला पाठ आहे. “अहो यान्नाकाकू, हे मी गावात नेणार, शिक्का मारणार, पूल ओलांडून उलटा येणार आणि बुधवारी तुमच्या समोरच्याच दारात टाकणार. त्यापेक्षा दगड बांधून फेका की कालव्यापलीकडं!” खरं आहे त्याचं. तुझी पवनचक्की आणि माझी पवनचक्की यांच्यात दोनशे पावलांचं पाणी आहे. तू बटाटे सोलायला कधी बसतेस तेही मला इथून दिसतं. पण गेली अकरा वर्षं मी बांधावर आले की तुझी हिरवी खिडकी बंद होते, आणि बंद खिडकीकडे बघून ओरडायला मला लाज वाटते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई आपल्या दोघींकडे बघूनच म्हणायची. माझा पीळ आज मी सोडते आहे, आणि तोही चांगल्या अक्षरात.

मुद्द्याचं आधी सांगते, म्हणजे तुझ्या छातीत उगाच धडधडत राहायला नको. तुझ्या नवऱ्याला, हुबर्टला, दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. घाबरू नकोस. मी कुणाला बोललेले नाही, माझ्या लेकाला, क्रेलिसलाही नाही. पाणी उपसायच्या या चक्क्या जलमंडळाच्या. त्यांना कळलं तर हुबर्टची चक्की जाईल, आणि चक्की गेली की डोक्यावरचं छप्परही जाईल, कारण आपल्यासारख्यांचं घर म्हणजे चक्कीच्याच पोटातल्या दोन खोल्या. हे मला शिकवायला नको. मीही त्याच गोल भिंतींत जन्मले, कपाट कुठल्याच भिंतीला नीट लागत नाही म्हणून आईच्या शिव्या ऐकत वाढले. तेव्हा हे पत्र तुझ्या घरासाठी आहे, एवढं धरून पुढे वाच.

मला कळलं कसं, ते सांगते. तुझ्या दोरीवरून कळलं. दोन वर्षांपूर्वी तू दारापासून, हुबर्ट चक्कीची टोपी वाऱ्याकडे वळवतो त्या शेपटीच्या दांड्याच्या रहाटापर्यंत एक नवी दोरी बांधलीस. मी मनात म्हटलं, बघा, प्लोनाला एक दोरी पुरेना. पण सोमवारमागून सोमवार गेले, तुझी धुणी जुन्याच दोरीवर, आणि या नव्या दोरीवर साधा रुमाल नाही. मग एके दिवशी वारा पश्चिमेचा उत्तरेला गेला, हुबर्टनं टोपी फिरवली, रहाट दुसऱ्या खुंटाला गेला, आणि पाठोपाठ तू येऊन दोरी सोडून तिकडे नेऊन बांधलीस. प्लोना, वाऱ्याबरोबर जागा बदलणारी कपड्यांची दोरी मी जन्मात पाहिली नव्हती. त्याच दिवशी पाती ज्या बाजूला फिरत होती त्या बाजूच्या दाराला तू बाहेरून खुंटी घातलीस. आपल्या चक्क्यांना दोन दारं का असतात हे आपल्याकडे शेळीलाही कळतं, आणि हुबर्ट त्यातलं चुकीचं दार उघडून फिरत्या पात्यांखाली जाईल अशी भीती तुला वाटत होती. मी हातातली बादली खाली ठेवली आणि बांधावरच बसून राहिले.

मग सगळं दिसायला लागलं. पात्यांवरची शिडं गुंडाळताना तो बघत नाही, चाचपतो. पूर्वी माशांच्या जाळ्याकडे जाताना फळीवरून उड्या मारत जायचा, “यान्ना, आज एवढी मोठी वाम सापडली,” म्हणून हात पसरून दाखवायचा. आता बसून फळी ओलांडतो. गेल्या इस्टरला चर्चमध्ये खुंटीवर टांगलेल्या कोटाला त्यानं “कसं काय, बरं आहे ना?” असं विचारलं. मागची पोरं फिदीफिदी हसली, आणि तू लगेच म्हणालीस, “याची थट्टा करायची खोड काही जात नाही.” तू मोठ्यानं हसलीस, पण तुझे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोललीस की तुझे कान असेच लाल व्हायचे. मी पेपरमिंटची डबी नेहमीसारखी बाकावरून पुढे सरकवली, तू नेहमीसारखी न बघता पुढच्याला दिलीस. अकरा वर्षांत माझी एक गोळी तू खाल्ली नाहीस. किती रविवार झाले ते मोजून बघ, आणि मग मला हट्टी म्हण.

आता माझ्या शेळीविषयी. तुला वाटलं असेल की नवरा, बास्तियान, गेल्यापासून यान्नाचं डोकं फिरलं. उगाच भर दुपारी बांधावर येऊन मिनाच्या नावानं बोंबलते, “थांब गं! थांब म्हणते ना! लाव खीळ तुझ्या तोंडाला!” ती गरीब बिचारी खुंटाला बांधलेली, तोंडात गवत, माझ्याकडे बघत असते. प्लोना, ते मिनासाठी नव्हतं. मागच्या वर्षी मार्चमध्ये एका मंगळवारी तू वाम विकायला बाजारात गेली होतीस, आणि कालव्याचं पाणी खुणेला टेकलं. वळणावरच्या चक्कीवर निळं निशाण चढलं, म्हणजे सगळ्यांनी कालव्यात पाणी ओतणं थांबवायचं. क्रेलिसचं एक शीड दोरात अडकलं म्हणून आमची पाती उशिरा थांबली. वर-खाली दोन्हीकडच्या सगळ्या चक्क्या थांबल्या होत्या, फक्त आमची आणि तुमची चालू होती. आमची थांबली, आणि दोन मिनिटांत तुमचीही थांबली. मला तेव्हा उमगलं की तू घरी नसलीस की हुबर्ट निशाणाकडे बघतच नाही. आमच्या पात्यांकडे बघतो. एवढं मोठं काही हलतंय की नाही, तेवढं त्याला अजून कळत असावं. पण धुकं असलं तर? क्रेलिस पुन्हा अडकला तर? दिसत नसलं तरी कान शाबूत आहेत, म्हणून मी शेळीवर ओरडायला लागले. पहिल्याच वेळी ओरडले आणि हुबर्टनं ब्रेकचा दोर ओढला. त्याला कळलं होतं, मी कुणाला थांबवते आहे ते. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि आत गेला. तुला बोलला नसेल. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, तेव्हापासून मनातलं मनात ठेवण्यात तो पटाईत आहे.

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. लिहिता लिहिता तीनदा उठले, चूल सारखी केली, कॉफी केली आणि ती गार झाली. अकरा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर होता. पाऊस चार दिवस पडून थांबलेला, आकाश धुतल्यासारखं, आणि पाणी खुणेला. निशाण चढलं, सगळे थांबले, हुबर्ट थांबला नाही. सव्वा तास तो आपल्या खालच्या रानातलं पाणी वर कालव्यात ओतत राहिला, आणि भट्टीजवळचा बांध खचला. कोबीची दोन शेतं आणि तीन तळघरं पाण्याखाली गेली. माणूस मेलं नाही हे देवाचे उपकार. त्या दिवशी तू आईकडे होतीस, ती शेवटच्या आजारात होती. तू असतीस तर ओरडून थांबवलं असतंस, हे तू नंतर शंभरदा स्वतःला म्हटलं असशील. चौकशीत हुबर्ट एकच वाक्य बोलला, “मला निशाण दिसलं नाही.” अख्खी खोली हसली. चादरीएवढं निशाण, लख्ख उजेड, आणि चक्कीवाला म्हणतो दिसलं नाही! तो हिवाळाभर त्याला कामावरून दूर ठेवलं. पुढे गुत्त्यात त्याच्यापुढे ग्लास ठेवताना लोक विचारायचे, “हुबर्ट, ही बिअर तरी दिसते का?” तो हसायचा. मला ते हसणं आठवतं.

तुला वाटत आलं की जलमंडळाला साक्ष दिली ती माझ्या बास्तियाननं. कागदावर नाव त्याचंच होतं, कारण चक्की त्याच्या नावाची. तू दारात येऊन म्हणालीस, “आपलेच दात आणि आपलेच ओठ! मेहुण्याला बुडवून झोप लागते का रे?” मी मध्ये पडले, तर म्हणालीस, “तू त्याची बायको, म्हणजे तूही तीच.” आणि गेलीस. प्लोना, बांध खचला त्या दिवशी बास्तियान तापानं फणफणला होता. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी सांगितलं नसतं. त्यांनी विचारलं ते मला. मी शपथ घेऊन सांगितलं की हुबर्ट बांधावर उभा होता, तोंड निशाणाकडे होतं, कपाळावर हात आडवा धरून तो बराच वेळ तिकडेच बघत होता, आणि मग चक्कीत परत गेला. जे पाहिलं ते सांगितलं. खोटं बोलायचं नाही हे आईनं शिकवलं होतं आणि मला त्याचा गर्वही होता, आता लपवत नाही. तू निघून गेल्यावर बास्तियान म्हणाला, “राग माझ्यावरच राहू दे. मेहुणा नसला तर चालतं, बहीण नसून चालत नाही.” त्याचा बेत साधला नाही. तू दोघांनाही टाकलंस, आणि मी मात्र त्याच्या पाठीमागे लपून राहिले. तीन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा त्या सकाळी तुमच्या चक्कीची पाती शोकाच्या तिरक्या ठेवणीत उभी होती. तुमच्यापैकी कुणी ती तशी ठेवली ते मी विचारत नाही. दफनाला तू आली नाहीस, पण मी ती पाती बघत बघत शवपेटीच्या मागून चालले.

आता परवाच्या शनिवारचं. जलमंडळाचे नवे तपासनीस आले होते, श्री. फान वेस्सेम म्हणून. तरुण आहेत, बूट फार चांगले आहेत, आणि सारखे ते चिखलातून उचलून बघतात. मी कॉफी दिली, तर पिण्याआधीच त्यांनी वही काढली. गावात कुणीतरी कुजबुजलं आहे. कोटाला रामराम केल्याची गोष्टही त्यांच्यापर्यंत पोचली आहे. येत्या गुरुवारी ते तुमच्याकडे येणार, हुबर्टला फळीवर उभं करून पाण्याच्या पट्टीवरचे आकडे वाचायला लावणार, आणि वाचता आले नाहीत तर नाताळच्या आत चक्की खाली करायला सांगणार, असा त्यांचा विचार होता. मला म्हणाले, “काकू, तुम्ही दिवसभर समोर असता. खरं सांगा. तुमच्या मेहुण्यांना निशाण दिसतं का?” प्लोना, माझ्या हातात चिमटा होता, साखरेचा. मी त्यांच्या कपात साखर टाकली, दुसरी टाकली, आणि म्हणाले, “साहेब, निशाण माझ्याआधी त्यालाच दिसतं. माझं आता वय झालं. मी त्याची पाती थांबली की क्रेलिसला हाक मारते.” सरळ उलटं सांगितलं. जीभ अडखळली नाही की कान लाल झाले नाहीत. उतारवयात ही एक नवी कला अंगात आली म्हणायची.

त्यांनी वहीची मागची पानं चाळली आणि म्हणाले, “एकोणीसशे एकमध्ये सख्ख्या मेहुण्याच्या विरुद्ध साक्ष देणाऱ्या तुम्हीच ना? आमच्या दप्तरात नोंद आहे, साक्ष नवऱ्याच्या नावे पण सांगणारी बायको. तुम्ही त्यांची बाजू घेऊन खोटं कशाला बोलाल!” आणि वही मिटली. पट्टीची परीक्षा घेणार नाहीत. गुरुवारी नुसते येतील, तुझ्याशी दोन शब्द बोलतील आणि जातील. तेव्हा तुझं आणि माझं म्हणणं एक यायला हवं. तू सांग की हुबर्टला दिसतं, यान्नालाच आता दिसत नाही, ती त्याच्यावर विसंबते, आणि उगाच शेळीवर ओरडते. माझी हवी तेवढी थट्टा कर, कमी पडली तर मी नाराज होईन. बोलताना केसांवरची टोपी कानांवर ओढून घे. हुबर्टला जाळी विणायला बसव. ते तो डोळे मिटूनही करतो.

पण एक अट आहे, आणि ती मी तुझी मोठी बहीण म्हणून घालते. खालच्या अंगाला माणसं राहतात, त्यांची तळघरं आहेत, पोरं आहेत. एकही निशाण चुकता कामा नये. मंगळवारी बाजारात जायचं असेल तर आदल्या दिवशी मला कळव. मी घर सोडणार नाही. निशाण चढलं की मी बांधावर उभी राहीन आणि तुमची पाती थांबेपर्यंत हलणार नाही. तू परवानगी दिलीस तर क्रेलिसला सांगेन, तो पोटात ठेवणारा आहे. आणि कधी एकदा जरी चुकलं, तर मीच चालत जलमंडळात जाईन आणि सगळं सांगेन, स्वतःच्या खोट्यासकट. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. तू माझ्या जागी असतीस तर हेच केलं असतंस.

हे पत्र तू हुबर्टला वाचून दाखवशील, कारण तो स्वतः वाचू शकणार नाही. म्हणून इथून पुढचं त्याच्यासाठी आहे. प्लोना, गुरुवारच्या गोष्टीसाठी मी तुला होडीतून निरोप देऊ शकले असते. पत्र लिहायला बसले ते याचसाठी. हुबर्ट, शनिवारी तपासनीस गेल्यावर मी कप विसळत होते आणि एकदम मला तू दिसलास, अकरा वर्षांपूर्वीचा, बांधावर, कपाळावर हात धरून. किती वेळ उभा होतास! ज्याला निशाण दिसतं तो एकदा बघतो आणि ब्रेक लावायला पळतो. तू बघतच राहिलास, कारण तू शोधत होतास. माझ्या डोळ्यांनी जे पाहिलं ते खरं होतं, आणि मी सांगितलं ते खोटं झालं. तेव्हा खरं बोलून मी तुला बुडवलं, शनिवारी खोटं बोलून तुला वर काढायला बघितलं. देवापुढे यातल्या कशाचा जबाब द्यावा लागेल ते माझं मी बघून घेईन. पण जे वाक्य तुला अकरा वर्षांत कुणी म्हटलं नाही, ते मी म्हणते. हुबर्ट, तुला निशाण दिसलं नव्हतं. तू खरं बोलत होतास. प्लोना, आता डोळे पूस आणि ऐक. बुधवारी धुणं वाळत घातलं तर गाव नावं ठेवेल, ठेवू दे. तुझा तो लाल चौकटींचा टेबलक्लॉथ दोरीवर टाक, म्हणजे मी राईचा पाव आणि पेपरमिंटची डबी घेऊन होडी सोडीन. फक्त जुन्या दोरीवर टाक. नवी हुबर्टची आहे, तिच्यावर काही घालू नकोस.

खिडकीकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच,
यान्ना